उड्या मारायच्या काठीत शॉकअपचं ऑइल

मॅडम काठीवर चढल्या. काठी हळूच खाली बसली. मग म्हैस उठते तशी सावकाश वर आली. उडी काही झालीच नाही.

"काका, हे काय केलं तुमी?"

"एक नंबर काम केलं," मी म्हटलं. "धक्का लागला का? नाही ना?"

अनसिंग गावात माझं शॉकअप रिपेरिंगचं दुकान आहे. शाळा मी चौथीत सोडली, पण आजूबाजूच्या गाड्या माझ्या हातानं लोण्यावानी चालतात. शॉकअप म्हणजे दोनच गोष्टी, स्प्रिंग आन् ऑइल. खड्डा आला का स्प्रिंग दबते आन् गाडीले वर फेकते. ऑइल त्या फेकीले धरून ठेवते. ऑइल गळलं का गाडी हरणावानी उड्या मारते, आन् गिऱ्हाईक माझ्याकडं येते.

मॅडम गावातल्या शाळेत शिकवतात. त्यांची ही काठी, पोगो स्टिक म्हणतात तिले. एक पाइप, आत दांडा, मधात स्प्रिंग, बुडाले रबर. स्प्रिंग तुटली म्हणून सकाळी घेऊन आल्या. संध्याकाळी गॅदरिंग होतं. हेडसर म्हणाले होते, काठी नीट झाली तं उड्या मारा, नाही तं दरवर्षीसारखं भाषण करा.

"भाषण नको काका. मले एकदा पोराईसमोर उडायचं आहे."

भंगारातल्या गाडीची मागची स्प्रिंग जाड होती, दोन माणसं आन् सोयाबीनचं पोतं पेलणारी. पुढच्या शॉकअपची लांब आन् नरम. ती बसवली. सील टाकलं. आन् हाताच्या सवयीनं वरून ऑइल ओतलं.

"ऑइल काढा," मॅडम म्हणाल्या. "आपण खाली येतो तो जोर स्प्रिंग साठवते आन् परत देते. तुमचं ऑइल मधातच खाऊन राह्यलं."

"खाणारच. त्याच्यासाठीच असते ते. बिना ऑइलचा माल माझ्या दुकानातून जात नाही."

माझी बायको गिरजा डबा घेऊन आली होती. दारातूनच म्हणाली, "काढा ना जी! काहून त्या बिचारीले भाषण कराले लावता?"

मी डबा उघडला. जेवत बसलो. मॅडम बाकावर बसून भिंतीकडं पाहत पुटपुटत होत्या, "आदरणीय व्यासपीठ..." आवाज पार पडलेला. डबा अर्धा ठेवला आन् पाना उचलला.

ऑइल काढलं, पाइप पुसला, आत नुसतं ग्रीस लावलं.

"आधी मी चढतो," म्हटलं. आपलं काम दुसऱ्याच्या हाडावर तपासत नसतात.

"तुमी पडले तं मी नाही उचलत," गिरजा म्हणाली.

भिंत धरून चढलो. आधी काठीनं झिडकारलं. मग समजलं, हिच्यावर जबरदस्ती चालत नाही. झोपाळ्यावानी तिची एक लय असते. ती खाली जाते तेव्हा दाबायचं, मग तीच वर नेते. भिंत सोडली. वर गेलो, आन् पार टोकाले थोडा वेळ अंगाले वजनच राह्यलं नाही. गुडघे कोणाचे, वय कोणाचं! भिंतीपलीकडं तुरीचं पिवळं शेत दिसलं. मग भिंत. मग पुन्हा शेत. जसं ते शेतच पापण्या मिचकावून राह्यलं. दूर एसटीचा भोंगा वाजला, तो बी खालून कुठून तरी आल्यासारखा वाटला.

"काका, उतरा आता! काठी माझी आहे!"

"थांबा. चेक करून राह्यलो."

संध्याकाळी मॅडम पदर खोचून मैदानात उडल्या. पोरं उड्यांसंगं ओरडत होती. भाषण कोणाले आठवलंच नाही. मॅडम वर पोचल्या का तोंड जरासं उघडं राहायचं. तिथं काय होते ते मले माहीत होतं.

वस्तू कायले आहे हे इचारूनच पाना हातात घ्यावा, इतकंच सांगतो. ऑइल मात्र माझं चांगलंच होतं.

आताशा गळका शॉकअप आला का ऑइल भरायच्या आधी मी त्या गाडीवर बसून बराच वेळ उसळून घेतो. गिऱ्हाईक पाहत राहते. त्याले म्हणतो, चेक करून राह्यलो.