अंगठा थांबला तेव्हा

माझी मुलगी श्रावणात वारली. परवा दातांचा साचा देताना त्या ओल्या लगद्याचा वास आला आणि नगरचा कानांचा दवाखाना आठवला. ऐकण्याच्या यंत्रांसाठी तिच्या कानांचे साचे तिथेच घेतले होते. तिला मान सावरता येत नव्हती, नजरही अधू होती. तिला ऐकू येत नाही की समजतच नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं. घरी आम्ही तिच्यामागे ताट वाजवायचो आणि मान वळायची वाट बघायचो. झोपेतल्या तपासणीत बहिरेपण निघालं. यंत्रं बसवली त्या दिवशी तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "मानेकडे बघू नका, ती चोखतेय त्या अंगठ्याकडे बघा. आता बोला, बाबा." मी नुसता अंगठ्याकडे बघत राहिलो. सोनईहून तिला मांडीवर घेऊन आलेली माझी आई वैतागली, "आरं, पुस्तकं वाचून मुका झाला व्हय? बोल की लेकीशी!" मी समोरच्या भिंतीवरची पाटी वाचू लागलो, "चपला बाहेर काढाव्यात. शांतता राखावी." अंगठा थांबला. मी गप्प झालो तशी ती पुन्हा चोखू लागली. पुन्हा वाचलं, पुन्हा थांबली. "थांबू नको रं," आई रडत म्हणाली, "ऐकतीया ती." त्या संध्याकाळपासून मी मुलीला रोज पुस्तक वाचून दाखवू लागलो. ती गेल्यावरही ते बंद करणं जमलं नाही. आता मी वाचतो आणि आई ऐकते.