एकनाथने बदललेला जबाब

इचलकरंजीचा एकनाथ २००१ साली सायपानला नोकरीला गेला, तेव्हा घरच्यांना हे बेट नकाशात शोधावं लागलं. पॅसिफिक महासागरातलं बेट. झेंडा अमेरिकेचा, पण कायदे अर्धेच अमेरिकेचे. किमान वेतन तिकडच्यापेक्षा बरंच कमी, मालकांना करात सवलत, आणि इथं शिवलेला शर्ट जकात न भरता थेट अमेरिकेतल्या दुकानात जायचा. म्हणून बेटावर कपड्यांचे कारखाने झाले होते. त्यातल्याच एका कारखान्यात साठ चिनी बायकांच्या लाइनवर एकनाथ इनचार्ज होता.

त्याची धाकटी बहीण शरयू अमेरिकेतल्या प्लेनो शहरात सॉफ्टवेअरमध्ये होती. ती फोनवर म्हणायची, "दादा, तूही अमेरिकेतच आहेस ना? मग ये की ख्रिसमसला!"

"अगं, माझा कामाचा परवाना या बेटापुरता. तुझ्याकडे यायचं तर वेगळा व्हिसा काढायला लागतो."

कारखान्याच्या मागच्या दाराला साखळी असायची. माल चोरीला जातो, असं मॅनेजरचं म्हणणं. २००५च्या मार्चमध्ये सरकारी तपासणी आली, त्या सकाळी साखळी काढली गेली. तपासायला आलेल्या बाईंनी एकनाथला बाजूला घेऊन विचारलं, "हे दार रोज उघडं असतं?"

जवळच्या मशिनवर लिन होती. तिला थोडं इंग्रजी यायचं. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"रोज," एकनाथ म्हणाला. बाईंनी लिहून घेतलं. दुपारी साखळी पुन्हा लागली.

मे महिन्यात भर दुपारी इस्त्रीच्या विभागात आग लागली. बायका मागच्या दाराकडे धावल्या, तिथून पुन्हा पुढे. सगळ्या बाहेर आल्या, पण लिनचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. एकनाथ तिला भेटायला हॉस्पिटलात गेला.  ती म्हणाली, "यू सेड ओपन."

त्या आठवड्यात त्यानं शरयूला सगळं सांगितलं.

"जबाब बदलायचा म्हणतोयस? दादा, नोकरी गेली की परवाना गेला. आणि तू खोटं बोललास हे तूच लिहून देणार?"

"मीच बोललो होतो ना."

"यार दादा, तुझ्या एकट्याच्या सांगण्यानं काय होणार आहे?"

दुसऱ्या दिवशी तो कामगार खात्याच्या ऑफिसात गेला आणि नवा जबाब देऊन आला. कारखान्यानं त्याला काढलं. साक्षीसाठी त्याला बेटावर राहायची परवानगी मिळाली. मग सुनावणीच्या तारखा पडत गेल्या. तो एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरी धुवायचा. पहिलं वर्ष संपायच्या आत लिन चीनला परत गेली. तिची बोटं मिटत नव्हती.

२००७मध्ये वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला आणि बेटावरचं किमान वेतन टप्प्याटप्प्यानं वाढायला लागलं. बायकांनी पहिल्या वाढीव पगाराला मिठाई वाटली. पण इतर देशांच्या कपड्यांवरची अमेरिकेतली आयात-मर्यादा उठल्यापासून बेटाचा जुना फायदा आधीच संपत आला होता, त्यात ही वाढ. एकेक कारखाना मशिनं विकून निघून गेला. २००८च्या उन्हाळ्यात एकनाथचा जुना कारखानाही बंद झाला. सुनावणीच्या दिवशी मालकातर्फे कोणीच आलं नाही. कंपनीच उरली नव्हती. दंड कागदावर लागला, आणि साक्षीचं काम संपलं म्हणून एकनाथची परवानगीही संपली.

सप्टेंबरमध्ये तो विमानतळावर गेला, तर तिथं त्याच्याच लाइनवरच्या अकरा बायका दिसल्या. त्याही परत निघाल्या होत्या. त्यानं हात वर केला. एकीनं पाहिलं, शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि सगळ्यांनी पाठ फिरवली. त्यानं तक्रार केली म्हणून कारखाना बुडाला, असं त्या समजून होत्या. तसं नव्हतं; पण ते समजावून सांगण्याइतकं चिनी सात वर्षांत तो शिकला नव्हता.

त्यांचं विमान आधी लागलं. एकनाथ मनिलाच्या विमानाची वाट बघत तिथंच बसून राहिला.