आपोआप सुरू होणारी मोटार

महारुद्रला फिरणाऱ्या वस्तूंची भीती वाटायची, आणि त्याचं पोट मात्र फिरणाऱ्या वस्तूंवरच चालायचं. देवगाव फाट्यावर त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तो नव्या तारेने भरून द्यायचा. एकदा मळणीयंत्राची मोटार आली, तिच्या पुलीत लुगड्याचा काठ अडकलेला होता. आणणाऱ्याने काही सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही. तो काठ चिमट्याने ओढून काढताना तळहाताला फुटलेला घाम पुढे प्रत्येक मोटारीच्या चाचणीला फुटत राहिला.

शेतोशेती सौर पंप आले आणि दुकानात येणाऱ्या मोटारी कमी झाल्या. दुसरं काहीतरी पाहणं भाग होतं. मोबाईलवर त्याने लाकूड कोरणारी सीएनसी मशीन पाहिली. संगणकात नक्षी काढून दिली की मशीन तीच नक्षी फळीवर उतरवते. तयार मशीन घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच आखायला घेतली. लांबीला सरकणारा पूल, पुलावर आडवा सरकणारा गाडा, गाड्यावर वर-खाली होणारी मोटार आणि तिच्या टोकाला पातं. पहिल्या आराखड्यात पूल फार उंच झाला होता. पातं लाकडाला टेकताच तो थरथरला असता. त्याने उंची उतरवली, खांब जाड केले. शेजारच्या धम्मदीप वेल्डरने चौकोनी पाइपांचा सांगाडा जोडून दिला, तर वेल्डिंगच्या उष्णतेने एक कोपरा ओढला गेला. महारुद्रने दोरी धरून दोन्ही कर्ण मोजले आणि सांगाडा कापून पुन्हा जोडायला सांगितला.

धम्मदीप वैतागला. "भाऊ, नाव मारुतीचं अन् काळीज चिमणीचं. इमान बनवायलाव का?"

विमान पडलं तर लांब कुठंतरी पडतं, ही घरात राहणार आहे, एवढंच महारुद्र म्हणाला.

घर दुकानाच्या मागेच होतं. बायको राजेश्री फाट्यावरच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. मशीनवर फळ्या आपणच चढवणार, उतरवणार, हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून ती भाकरी मोडू लागली तरी त्याचं लक्ष तिच्या बोटांकडे जायचं. त्याने पात्याभोवती जाड पारदर्शक झाकण बसवलं. वायरी पाइपातून नेल्या. स्क्रूची टोकंसुद्धा कानशीने घासली. तरी जीव थाऱ्यावर येईना. काहीतरी राहिलंय असं वाटायचं, आणि काय ते सापडायचं नाही.

मशीन पहिल्यांदा सुरू केली ती सकाळी, फळी न लावताच. पूल सरकला, गाडा सरकला, मोटार घोंगावली. लाकडाला पातं लावायच्या आधी पूजा करायची म्हणून राजेश्री ताट घेऊन आली, तेवढ्यात लाईट गेली.

"बरं झालं," ती म्हणाली. "तवर पूजा उरकून घेते. चालू असल्यावर तुमी मला जवळ येऊ देणार न्हाईत."

त्यालाही ते पटलं. लाईट नाही म्हणजे भीती नाही. झाकण त्यानेच उचलून बाजूला ठेवलं. राजेश्रीने मोटारीला हळदीकुंकू वाहिलं आणि झेंडूचा हार ती मोटारीच्या गळ्यात, पातं धरणाऱ्या दांड्याला, बांधू लागली. दोऱ्याचं टोक तिच्या बोटाला गुंडाळलेलं होतं आणि दोन्ही हात पात्याच्या अंगावर होते. महारुद्र नारळ सोलत होता.

बल्ब लागला. बाकी काहीच हललं नाही, म्हणून ती गाठ मारत राहिली. क्षणभर त्यालाही बरं वाटलं. मग मशीनच्या चालू-बंद बटणांच्या डब्यातून टक असा बारीक आवाज आला.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या दुकानातून विहिरीवर जाणाऱ्या प्रत्येक डब्यात तो 'ऑटो' बसवायचा. शिवारात लाईट वाटेल तेव्हा येते, दर वेळी विहिरीवर कोण जाणार? ऑटो लाईट आलेली ओळखतो, एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम ओढू नयेत म्हणून थोडा थांबतो आणि मग आपणच मोटार चालू करतो. या डब्यातही त्याच्या हातांनी सवयीने ऑटो बसवला होता, आणि मोटार चालू करण्याआधी तो आता तेवढाच थांबला होता.

'हात काढ' म्हणत बसायला वेळ नव्हता. प्लग मशीनच्या पलीकडे होता. त्याने तिचा दंड धरला आणि सगळा जोर लावून मागे ओढलं. मोटार किंचाळली. हार गरगरला, बोटाचा दोरा ताणला गेला, तिचा हात पुढे खेचला गेला आणि दोरा तुटला. झेंडू भिंतीवर उडाला.

प्लग उपसून तो तसाच जमिनीवर बसला. राजेश्री बोटावर उमटलेली लाल रेघ पाहत होती.

"तुमी तर बटण दाबलं न्हाई."

"न्हाई."

"मग चालू कुणी केली?"

कुठली तरी वायर टेकली असेल, असं सांगता आलं असतं.

"मीच केली. लाईट आली की आपोआप चालू व्हावी म्हून ऑटो बसवला. हिरीवर बसवतो तसा."

"हिरीत कुणी हात घालत न्हाई," ती म्हणाली.

त्याने पाना घेतला आणि थेट पुलाचे नट सोडवायला लागला. राजेश्रीने पाना काढून घेतला. आपोआप कधीच सुरू होऊ नये म्हणून काय काय करावं लागतं, ते तिने एकेक करून विचारलं. ऑटो काढायचा, हाताशी बंद करायचं लाल बटण बसवायचं, हात घालण्याआधी प्लग उपसायचा.

"मग तेवढं करा. पूजा अर्धी राहिलीय."

ते केल्यावर दुसरा हार आणला. या वेळी तो महारुद्रने बांधला. उपसलेला प्लग राजेश्री मांडीवर धरून बसली होती.

"माझ्याच हातात हाय," तिने दोनदा सांगितलं, तरी त्याच्या हातून गाठ बसेना.

नारळ फुटला. हार उतरवून ठेवला, झाकण बसवलं. मग राजेश्रीने प्लग लावला आणि त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. दोघंही डब्याकडे कान लावून थांबले. ऑटो जितका वेळ थांबतो तितका वेळ गेला, त्यावर आणखी गेला. त्याचे तळहात घामाने ओले झाले होते. पातं जिथल्या तिथे उभं होतं.

"आता दाबा," राजेश्री म्हणाली.

तो आणखी थोडा वेळ थांबला.