न्हावऱ्यातली दोन मिनिटं

शिरूरहून केडगावला जायचं तर आमचं प्रवासाचा मार्ग शोधून देणारं सॉफ्टवेअर पुण्यावरून जायला सांगतं. भीमा ओलांडली की येणारं गाव, आणि वळसा थेट पुण्याचा! एका प्रवाशाची तक्रार आली, म्हणून शनिवारी मी स्वतःच शिरूरला गेले. सुट्टी होती, आणि घरी तसंही कुणी नसतं.

जवळचा रस्ता यादीतून कुठे गळतोय ते माहीत होतं. सॉफ्टवेअर आधी शिरूरहून एका गाडीने कुठेकुठे पोचता येतं ते बघतं, मग त्या प्रत्येक थांब्यावरून पुढची गाडी शोधतं. एसटी वाटेतल्या न्हावऱ्याला दहा अठ्ठावीसला पोचते आणि तिथली वडाप (खासगी प्रवासी जीप) साडेदहाला सुटते. पण गाडी बदलायला निदान पाच मिनिटं हवीत, हा नियम माझाच. दोन मिनिटं पुरतात का, एवढंच बघायचं होतं.

एसटीत शेजारी एक मावशी बसल्या. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. लेक केडगावात बाळंत झालेली. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि साडेदहा तिथेच वाजले.

"मावशी, जीप गेली आपली."

"कशी जाईल?" त्यांनी जीपवाल्याला फोन लावला. "आप्पा, उसाच्या गाड्यांत अडाकलोय. थांबा जरा. व्हय, येतोय."

न्हावऱ्यात उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. जीप उभी होती! आतली माणसं उन्हात घामाघूम, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

"काय झालं लेकीला?" डब्याकडे बघत एका बाईने विचारलं.

"पोरगी," मावशी म्हणाल्या. सगळे हसत सरकले. मलाही जागा झाली.

भीमेच्या पुलावर मावशींनी विचारलं, "केडगावात तुमचं कोण हाय?"

"कुणी नाही. जीप मिळते का, ते बघायला आले."

"मंग न्यायला कोन येनार तुम्हाला?"

मी फोनवर पुण्याच्या गाडीची वेळ बघू लागले. त्यांनी डबा उघडून एक लाडू माझ्या हातावर ठेवला.

केडगावात जावई मोटारसायकल घेऊन आला होता. त्या गेल्या. मी स्टेशनच्या बाकावर बसून लाडू खाल्ला आणि पुण्याची गाडी पकडली.

संध्याकाळी घरी येऊन न्हावऱ्यापुरता नियम सैल केला, 'उशीर झाल्यास जीपवाल्याला फोन करा' अशी सूचना जोडली आणि पुन्हा शोधून पाहिलं. शिरूर ते केडगाव, न्हावऱ्यावरून, पहिल्याच ओळीत. इतका आनंद झाला की सांगायला फोन हातात घेतला. मग कितीतरी वेळ नावांची यादी नुसती वरखाली करत बसले.