सरिताचा पासपोर्ट आणताना

विमान कॅल्गरीवर उतरायला लागलं तेव्हा खाली पिवळट, सपाट जमीन पसरलेली होती. झाड म्हणून औषधाला नाही. मध्येच काचेच्या उंच इमारतींचा एक झुबका आणि पार पश्चिमेला रॉकी पर्वताची पांढरी रांग. शेजारच्या गृहस्थांनी इमारतींकडे बोट दाखवलं. "त्या सगळ्या तेलाच्या कंपन्या," ते म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "म्हणजे, होत्या."

तेलाचे भाव कोसळले होते ते हे वर्ष. मला न्यायला आलेली माझी भाची केतकी पाइपलाइनची इंजिनिअर. गाडीत बसल्या बसल्या तिनं सांगितलं, तिच्या मजल्यावरची निम्मी टेबलं रिकामी झाली आहेत. "मावशी, रोज सकाळी बॅज टॅप करताना वाटतं, आज दार उघडेल ना?" ती हसत म्हणाली, पण स्टिअरिंगवरचे हात घट्ट आवळलेले होते. या प्रवासात मला जी भीती पुढे जागोजागी भेटणार होती, तिची ही पहिली ओळख.

सांगलीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. परदेशातल्या भारतीयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला छोटे समाज बघायचे होते. मलेशियातून आलेले आणि नेपाळमधून आलेले लोक इथे कसे राहतात, काय कमावतात, कोणाशी सोयरीक करतात, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावं असा बेत होता. केतकी म्हणाली, "मग लांब कशाला जातेस? आमच्या शेजारच्या घरात दोन्ही आहेत. एक वर, एक बेसमेंटमध्ये."

वर राहायच्या लिली आंटी. वय सत्तरीचं, केस कापलेले, आवाज खणखणीत. मलेशियातल्या इपो गावच्या चिनी कुटुंबातल्या. विद्यार्थिनी म्हणून आल्या, हिशेबनीस झाल्या, एका तेल कंपनीत नोकरी करून निवृत्त झाल्या. नवरा वारला. मुलगा पश्चिम किनाऱ्यावरच्या कोक्विटलामला दातांचा डॉक्टर, मुलगी टोरांटोजवळ मिल्टनला. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्यापुढे लाक्सा (नारळाच्या दुधातली तिखट, आंबट शेवयांची आमटी) ठेवली. "खा ला, टीचर, गार होईल ला." त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटाला हा "ला" लागायचा.

"आमची वस्ती अशी नाहीच इथे," त्या म्हणाल्या. "चिनी, तमिळ, मलय, सगळे मिळून मूठभर. सणाला एकत्र जेवतो. इंग्रजी शाळेतून येत होतं, डिग्री इथली घेतली, नोकऱ्या लागल्या, विखुरलो. मुलांना तर मलेशिया म्हणजे सुट्टीतलं खाणं."

"इथे येताना भीती नाही वाटली?"

"तिथे वाटत होती. मी लहान असताना दंगल झाली. वडिलांनी दुकानाची फळी आतून लावली आणि आम्हाला तांदळाच्या पोत्यांमागे बसवलं. इथे कोणी दार वाजवलं तर मी आधी दार उघडते, मग कोण आहे ते बघते. याला मी श्रीमंती म्हणते."

खाली, त्यांच्याकडेच भाड्यानं, राहायची सरिता. तिशीची, नेपाळमधल्या चितवनची. तिच्याशी मी हिंदीत बोलायची. तिनं मला गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी) घालून केलेली आमटी वाढली आणि स्वतः उभीच राहिली. वर पावलं वाजली की तिचं बोलणं थांबायचं. तिचा नवरा मलेशियात रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात होता. मुलगा चार वर्षांचा असताना त्याला सासूकडे ठेवून ती कॅनडात आली होती, महामार्गावरच्या एका मोटेलात खोल्या साफ करायला.

मलेशियातल्या कारखान्याचं हे लिली आंटींनी तिच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं म्हणे. दर वर्षी त्या माहेरी जात. पण तिथल्या कारखान्यांत कोण राबतं, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

शहरातले सगळे नेपाळी काही सरितासारखे नव्हते. दशैंच्या (नेपाळी दसऱ्याच्या) सणानंतरच्या एका जेवणाला तिनं मला नेलं, तिथे इंजिनिअर भेटले, नर्सेस भेटल्या, विद्यापीठातली मुलं भेटली. मोमोचं छोटं हॉटेल चालवणारं एक जोडपं तर घर घेण्याच्या गप्पा मारत होतं. पण हॉलच्या मागच्या भिंतीशी काही जण ताटं घेऊन उभे होते. कोणी बर्गरच्या दुकानात, कोणी कत्तलखान्यात, सगळे तात्पुरत्या परवान्यावरचे. परवाना एकाच मालकाशी बांधलेला. मालक सोडला की दुसरीकडे काम करायचं नाही आणि परवान्याची मुदत संपली की देश सोडायचा. माझी वही बघून ते एकेक करून पांगले. मी ती पर्समध्ये टाकली आणि पुन्हा काढली नाही.

सरितानं मालक सोडला होता. दिवसभर खोल्या, संध्याकाळी स्वयंपाकघर, सुट्टी नाही, आणि पासपोर्ट "सुरक्षित राहावा म्हणून" मालकाच्या कपाटात. एका सकाळी ती कचरा टाकायला बाहेर पडली ती सरळ बसमध्ये बसली. आता वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिला घ्यायला लोक तयार होते. नवीन परवान्यासाठी अप्लाय करायला मात्र पासपोर्ट हवा होता आणि मालक फोन उचलत नव्हता.

"हा गुन्हा आहे. पोलिसांना सांगू," लिली आंटी म्हणाल्या.

"नहीं आंटी, पुलिस नहीं," सरिता जवळजवळ ओरडलीच. "मुझे ही वापस भेज देंगे." असं होणार नाही, हे आम्ही तिला परोपरीनं सांगितलं. तिला ते पटेना. शेवटी आंटींनी कोट चढवला. "मग आपणच जाऊ. टीचर, तुम्ही चला. तो तुमच्या देशातला आहे. तुमचं ऐकेल."

मी आयुष्यात कोणाशी भांडायला गेले नव्हते. केतकीनं ऑफिसमधून फोनवर एवढंच विचारलं, "विंटर टायर्स आहेत ना त्यांच्या गाडीला? आणि मावशी, प्लीज, आत एकटी जाऊ नकोस."

पूर्वेच्या रस्त्यावर शहर एकदम संपतं. मग फक्त बर्फाचा थर बसलेली कापलेली शेतं, तारेची कुंपणं आणि वर न मावणारं आभाळ. ऊन लख्ख होतं, पण त्याला ऊब नव्हती. अधूनमधून तेल उपसणारे लोखंडी पंप दिसत. त्यातले बरेच थांबलेले. सरिता मागच्या सीटवर डोक्यावरून टोपी ओढून बसली होती. प्रत्येक काळा पिकअप ट्रक दिसला की ती खाली सरकायची. मालकाचा ट्रक तसाच होता.

मोटेल बसकं, लांबट. पार्किंगमध्ये दोनच गाड्या. काउंटरमागे पन्नाशीचा माणूस स्वेटर घालून बसला होता. मला पाहून उठला. "आइए बहनजी." मग माझ्यामागे सरिता दिसली आणि त्याचा चेहरा बंद झाला.

"हिचा पासपोर्ट न्यायला आलो आहोत," मी हिंदीत म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"कोणता पासपोर्ट? एजंटकडे असेल." मग तो सरिताकडे वळला. "तुला बहिणीसारखं ठेवलं. तेलवाले गेले, मोटेल रिकामं पडलंय, आणि ऐन वेळी तू पळालीस. मी इमिग्रेशनला एक फोन केला तर काय होईल, माहीत आहे?"

सरिताची नखं माझ्या दंडात रुतली. मला खूप काही बोलायचं होतं. कॉलेजात तास तास बोलणारी बाई मी, पण मी फक्त तिच्या हातावर हात ठेवला. त्याचे डोळे मात्र काउंटरखालच्या कपाटाकडे जाऊन परत येत होते. तोही घाबरलेला आहे, हे मला तेव्हा जाणवलं, आणि घाबरलेल्या माणसाची मला जास्तच भीती वाटली.

तेवढ्यात गाडी लावून, दार ढकलून लिली आंटी आत आल्या. त्यांच्यामागून रस्त्याच्या कामावरचे दोन मजूर कॉफी घ्यायला आले. आंटींनी त्या दोघांकडे पाहून मान डोलावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गुड आफ्टरनून! माझ्या भाडेकरणीचा पासपोर्ट तुमच्याकडे राहिलाय. आम्ही तो घेऊन लगेच निघतो. तुम्ही परत द्यायला विसरलात, होय ना?"

मजुरांपैकी एकानं कॉफी ओतता ओतता हात थांबवला. "दुसऱ्याचा पासपोर्ट?" त्यानं मालकाला विचारलं. "तुमच्याकडे कशाला?"

मालकानं कपाट उघडलं, हिरवा पासपोर्ट काढला आणि काउंटरवर टाकला. सरितानं तो उचलला, आपला फोटो पाहिला आणि स्वेटरच्या आत, छातीशी खुपसला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मालक मागोमाग दारापर्यंत आला आणि आमच्या गाडीची नंबरप्लेट बघत उभा राहिला.

गडबडीत आंटींचं जेवण राहिलं होतं. त्यांना मधुमेह आहे, हे मला माहीत नव्हतं.

अर्ध्या वाटेवर वारा उठला. आभाळातून काहीच पडत नव्हतं, पण शेतांवरचा भुसभुशीत बर्फ सापासारखा सरपटत रस्त्यावर यायला लागला. बघता बघता तो काचेपर्यंत चढला आणि पुढचा रस्ता, कुंपण, आभाळ, सगळं पुसलं गेलं. आंटी गाडी हळू करत गेल्या. मागे दोन दिवे दिसले. "ट्रक है," सरिता म्हणाली. "काला है."

आंटींनी मागे पाहिलं असेल किंवा नसेल. चाकं घसरली, गाडी स्वतःभोवती फिरली आणि कडेच्या खोलगट चरात जाऊन तिरकी बसली. कोणाला लागलं नाही. फोनला रेंज नव्हती. एक्झॉस्टचा पाइप बर्फात गाडला गेला असला तर विषारी धूर आत येईल म्हणून आंटींनी इंजिन बंद केलं. त्यासरशी थंडी आत शिरली. सुरुवातीला पायांत, मग गुडघ्यांत, मग दातांत.

आंटी विचित्र बोलायला लागल्या. इपोच्या दुकानाबद्दल, फळी लावा म्हणून. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ निळसर पडले होते. "आंटी, शुगर उतरली का?" मी विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. माझ्या पर्समध्ये बडीशेपेशिवाय काही नव्हतं.

ते दोन दिवे वर रस्त्यावर येऊन थांबले. दार आपटल्याचा आवाज आला. एक जाडजूड आकृती चरात उतरली आणि काचेवर मूठ आपटू लागली. तोंड पूर्ण झाकलेलं, फक्त गॉगल.

"मत खोलो, दीदी," सरिता पुटपुटली. "वही है. ले जाएगा."

मी कुलुपावर हात ठेवला आणि तो तिथेच गोठला. उघडावं तर ही जाईल, न उघडावं तर त्या जातील. मूठ पुन्हा आपटली. मी हलले नाही. खरं सांगायचं तर मी डोळे मिटून घेतले होते.

खट्ट असा आवाज झाला आणि वारा आत घुसला. सरितानं आपल्या बाजूचं दार उघडलं होतं. स्वेटरवर एक हात दाबून ती बाहेरच्या आकृतीला मोडक्या इंग्रजीत ओरडून सांगत होती, "ओल्ड लेडी सिक! शुगर! प्लीज हेल्प! आय कम विथ यू, नो प्रॉब्लेम, फर्स्ट हेल्प!"

आकृतीनं गॉगल वर केला. ती बाई होती. जवळच्या शेतावरची, गुरांना चारा टाकून घरी निघालेली. "तू कुठे येतेस माझ्याबरोबर?" ती गोंधळून म्हणाली. "म्हणजे, सगळ्याच या."

तिच्या ट्रकमध्ये संत्र्याच्या रसाचा डबा होता. तो आंटींच्या ओठांना लावताना सरिता हुंदके देऊन रडत होती. त्या बाईच्या स्वयंपाकघरात बसल्यावर आंटींच्या गालांवर रंग परत आला. बाईला काय घडलं ते अर्धवटच समजलं. "असल्या वाऱ्यात दिसेल त्याच्यासाठी थांबायचंच असतं," एवढं म्हणून ती सूप गरम करायला वळली. तिच्या नवऱ्यानं ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली. वारा पडल्यावर केतकी आणि तिचा एक सहकारी आम्हाला न्यायला आले. वाटेत लिली आंटी एकदाच बोलल्या, तेही सरिताचा हात धरून. "बाहेर तो मालक आहे असं समजूनच तू दार उघडलंस?" सरितानं दुसऱ्या हातानं त्यांच्या कोटाची बटणं लावली.

आठवड्याभरात अर्ज गेला. मी परत निघाले तेव्हा उत्तर आलं नव्हतं. चिनूक (डोंगरावरून उतरणारा उबदार वारा) सुटल्यामुळे अंगणातला बर्फ वितळत होता, आणि केतकी अजून रोज सकाळी बॅज टॅप करून आत जात होती.

सांगलीत आल्यावर लोक विचारतात, मग त्या दोन समाजांत कोणाचं बरं चाललंय? घर, शिक्षण, पगार पाहिला तर उत्तर सोपं आहे आणि ते मी देते. मलेशियातून आलेले आधी आले, तयारीनिशी आले, स्थिरावले. नेपाळमधून आलेल्यांपैकी जे शिकून, कायमच्या वाटेनं आले तेही त्याच रस्त्यावर आहेत. उरलेले कोणाच्या तरी मर्जीवर श्वास घेतात. पण हे बोलताना मला चरातली ती गाडी दिसते. त्या गाडीत गमावण्यासारखं सगळ्यात जास्त जिच्याकडे होतं, दार तिनं उघडलं होतं.

उन्हाळ्यात सरिताचा फोन आला. परवाना मिळाला होता, वृद्धाश्रमातलं काम सुरू झालं होतं. नवरा अजून मलेशियातच. दशैंला सुट्टी घेऊन ती चितवनला जाणार होती, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

"आता भीती गेली का गं?" मी हिंदीत विचारलं.

"दीदी," ती म्हणाली, "बेटे ने फोन पर पूछा, आप लंबी हो या छोटी? उसे याद नहीं. अब उसी से डर लगता है."

तिकीट काढलंस का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, काढलंय.