घंटीची भट्टी

"बघू, काय म्हणतंय," असं म्हणत आप्पा भट्टीचं दार उघडायचे. विचारायचे ते पावाला. माणसांची अशी विचारपूस त्यांनी कधी केल्याचं मला आठवत नाही. दार उघडायचं, वाकून आत बघायचं, लांब दांड्याच्या फळीने एक पाव ओढून त्याच्या बुडावर बोटाने टकटक करायची आणि परत आत ढकलायचा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. गॅसवर दूध ठेवलं की तिथून हलू न शकणारी माणसं तुम्हीही बघितली असतील. आप्पांचं दिवसभर तसं चालायचं.

शिरूरला त्यांची बेकरी होती आणि रांजणगावच्या एका कंपनीचं कँटीन माझ्याकडे होतं. सकाळच्या शिफ्टला चहाबरोबर ब्रेड लागायचा. तो शिरूरहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमधून मी बरोबर घेऊन जायची. पण भट्टी एकच, आणि पहाटे तिच्यात गावाचे पाव असत. ब्रेडची पाळी येईपर्यंत बस हॉर्न वाजवायला लागायची. शेवटी कंपनीने मला सांगितलं, असंच चालणार असेल तर ब्रेड पुण्याहून मागवू. मी ते तसंच आप्पांच्या कानावर घातलं. कँटीनची ऑर्डर गेली तर बेकरी चालणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग त्यांच्या पुतण्याने पुण्यातल्या एका हॉटेलाने काढून टाकलेलं मशीन आणलं. मायक्रोवेव्ह आणि गरम हवा, दोन्ही एकातच. आधी नुसता मायक्रोवेव्ह लावून बघितला. ब्रेड चटकन झाला, पण पांढराफटक, इडलीसारखा, आणि चहा होईपर्यंत वातड. मग हवाही सुरू केली, तेव्हा कुठे वरून तांबूस रंग आला.

"आतून मायक्रोवेव्ह शिजवतो, बाहेरून हवा भाजते," पुतण्याने समजावलं.

"पर आत जाळ कुठाय?" आप्पा म्हणाले. "भट्टीत आच भायेरनं आत जाती, पाव्हण्यासारखी. ही आधीच घरात बसलीय व्हय?"

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. मला तरी कुठे नीट कळलं होतं? मी मान हलवली.

खरी अडचण पुढेच होती. आप्पा मशीनचंही दार उघडायचे. दार उघडलं की मशीन बंद. "बघू, काय म्हणतंय" झालं, टकटक झाली, की दार लावायचं आणि पुन्हा बटण दाबायचं. भट्टीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला.

"आप्पा, उघडू नका. झालं की घंटी वाजते," मी म्हटलं.

"घंटी पाव खाती का? तिला काय कळतंय?"

"काच आहे ना, बाहेरून बघा."

"काचंतनं वास येत न्हाई, ताई."

बस मात्र रोज यायचीच. दुसऱ्या दिवशी मी मशीन लावायला सांगितलं आणि आप्पांना समोरच्या टपरीवर चहाला नेलं. ते उठायला लागले की मी म्हणायची, "बसा." बशीतला चहा तसाच राहिला. नजर रस्त्यापलीकडे. घंटी वाजली तसे लगबगीने गेले, दार उघडलं, ब्रेड उलटा करून टकटक केली. दुसरा घेतला. त्यालाही केली.

ब्रेड उत्तम झाला होता.

"मी नव्हतो, तरी झालं," आप्पा म्हणाले.

हे ते आनंदाने म्हणाले की आणखी कशाने, मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येणार नाही. बस हॉर्न देत होती. मी ट्रे उचलले.

ऑर्डर टिकली. पुढे त्यांना चहाला न्यावं लागेना. मशीन लागलं की आप्पा आपणहून टपरीवर जाऊन बसत. घंटी वाजली तरी उठत नसत.

"आप्पा, झालं वाटतं."

"व्हय, झालंच आसंल."

मग ते दौंडला मुलीकडे जाऊन येऊन राहायला लागले, आणि नंतर तिकडेच राहिले. एकदा बेकरीत भेटले तेव्हा विचारलं, तिकडे दिवसभर करता काय? म्हणाले, "चहा पितो."

पुढे मीही रांजणगावलाच राहायला गेले. ब्रेड बस ड्रायव्हरबरोबर यायचा. एका संध्याकाळी आप्पा वारल्याचं कळलं. पुतण्या आणि घरचे सगळे दौंडला निघाले. उद्या ब्रेड येणार नाही, हे गृहीत धरून मी सकाळी शिफ्टपुरते पोहे करायला घेतले.

बस वेळेवर आली. ड्रायव्हरने ट्रे उतरवले.

"शटर आर्धं खाली व्हतं," तो म्हणाला. "पर माल तयार व्हता."

"भाजला कुणी?"

"कुणी म्हंजी? कामावरच्या माणसानं बटन दाबलं आसंल."

मी एक ब्रेड उलटा केला आणि बुडावर टकटक केली. आवाज आला. तो ऐकून काय समजायचं असतं, हे मी आप्पांना कधी विचारलंच नव्हतं.

पोहे तर झालेलेच होते. त्या दिवशी दोन्ही वाढलं. रांगेतल्या एकाने विचारलं, "मॅडम, आज काय विशेष हाय?" मी त्याच्या ताटलीत पोह्यांशेजारी ब्रेड ठेवला.