उतरणीवरचा ओंडका

ओंडक्याखालचा दगड मी काढला. खाली कोण आहे ते पाहिलं नाही.

ऐंशीनंतरचा कुठलासा पावसाळा. शेजारचे म्हातारे पहाटे गेले. चितेची लाकडं तोडायची ती वाडीने, म्हणून आम्ही चौघे शेजारी त्यांच्या डोंगरावरचा वठलेला आंबा पाडायला गेलो. फांद्या खाली गेल्या. बुंध्याचा ओंडका मात्र चौघांना हलेना. आमच्यातले वडीलधारे काका म्हणाले, "दोर बांधून, मागसून आवरत सोडूया. मी दोर हाडतंय. तोवर हात लावू नको."

काका दोर आणायला गेले. मला कसला धीर! खाली उतरण, ओंडका गोल, मग दोर कशाला? एवढी माझी अक्कल.

ओंडका करवंदीची जाळी मोडत सुटला. आभाळ भरून आलं म्हणून घाई करा सांगायला म्हाताऱ्यांचा एकुलता मुलगा, माझ्याच वयाचा, वर येत होता. त्याने बाजूला उडी मारली, पण एक पाय मागे राहिला. तो ओरडलासुद्धा नाही. मटकन खाली बसला आणि आपल्या पावलाकडे परक्याचं असावं तसा बघत राहिला. ते पाऊल पुढे कधीच सरळ पडलं नाही.

पाय पंच्याने करकचून बांधला. कुणी म्हणालं, ह्याला मालवणला डॉक्टरकडे न्या, अग्नी पुतण्या देईल.

"आग मीच देतलंय," तो म्हणाला. "मगे खंय व्हरतास थंय व्हरा."

पण अग्नी दिल्यावर मडकं घेऊन चितेभोवती फिरायचं कसं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकलो.

तो माझ्या पाठीवर, मडकं त्याच्या खांद्यावर. काकांनी दगडाने मडक्याला भोक पाडलं आणि गार पाण्याची धार माझ्या मानेवरून सदऱ्यात शिरली. कानाशी त्याचे हुंदके. बापासाठी की पायासाठी, विचारायची माझी छाती नव्हती. चिता आता चांगली धडधडत होती. शेवटच्या फेरीला चिखलात माझा पाय सटकला आणि आम्ही दोघेही ज्वाळांच्या बाजूला झुकलो.

काकांनी माझा दंड धरून मागे खेचलं.

"सरळ चल रे! लाकडा एकापुरतीच आसत."